मुलगी अठराची झाली, आता गाडीच्या विम्याचं काय?

लर्निंग लायसन्स हातात आलं की घरात पहिला विषय निघतो चावीचा. दुसरा, जरा हळू आवाजात, इन्शुरन्सचा. ‘आता ही गाडी चालवणार, तर कंपनीला कळवावं लागतं का? प्रीमियम वाढेल का? हिच्या हातून काही झालं तर कंपनी पैसे देईल ना?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो: कळवावं लागत नाही, आणि तेवढ्या कारणाने प्रीमियम वाढत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र पोटप्रश्न बरेच आहेत. शिवाय एक चौथा प्रश्न आहे, जो आई-बापांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला आहे: मुलीलाच काही झालं, तर? हे सगळं प्रकरण खरं म्हणजे त्या चौथ्या प्रश्नासाठी लिहितो आहे. पण तिथवर पोचायला आधीच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

१. पॉलिसी ओळखते कोणाला?

गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर असतं. रोज स्वयंपाक कोण करतं, आई, सून की नुकताच चहा करायला शिकलेला धाकटा, हे एजन्सी विचारत नाही. आपल्याकडची गाडीची पॉलिसी साधारण अशीच आहे. ती गाडी ओळखते आणि मालक ओळखते. स्टिअरिंगवर आज कोण बसलंय, याची नोंद तिच्यात नसते.

अमेरिकेत उलट आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तिथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परमिट आणि सतराव्या वर्षी तात्पुरतं लायसन्स मिळू शकतं. घरात असा नवा चालक आला की तो पॉलिसीत दाखवावा लागतो आणि घराचा प्रीमियम एकदम उसळी घेतो. मग चांगल्या मार्कांची सवलत मिळते का, जुनी गाडी त्याच्या नावाला जोडली तर स्वस्त पडेल का, अशी आकडेमोड सुरू होते. चालकाचं वय बघून दर ठरवायला हवाईसारख्या राज्यात मनाई आहे, पण तो अपवाद.

तिकडचे लेख नि व्हिडिओ बघून इकडचे पालक घाबरतात, म्हणून हा फरक आधी सांगितला. आपल्याकडे तरुण चालकामुळे खर्च वाढत नाही. आपली अडचण वेगळी आहे. कंपनी चालकाबद्दल काही विचारत नाही, त्यामुळे चालकाचं काय होणार हे आपणही विचारायचं विसरतो.

२. एका कागदावर दोन विमे

बोलीभाषेत आपण ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो. फुल इन्शुरन्समध्ये दोन विमे एकत्र बांधलेले असतात.

पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि तो इंजिनाच्या आकारावर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला वर्षाला असे पैसे पडतात: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. ७५ ते १५० सीसीच्या स्कूटरला ७१४ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. नवी कार घेताना हा विमा एकदम तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा काढावा लागतो.

दुसरा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, ज्याला कागदावर ‘ओन डॅमेज’ म्हटलेलं असतं. हा ऐच्छिक. २००७ पासून याचा दर कंपन्या आपापला ठरवतात. गाडीची आजची किंमत, तिचं वय, मुंबई-पुण्यासारखं मोठं शहर आहे की नाही, गेल्या वर्षी क्लेम घेतला का, हे बघतात. काही कंपन्या मालकाचं वयही बघतात. घरात आणखी कोण कोण गाडी चालवतं, हे सहसा विचारत नाहीत.

३. चार हजार रुपयांमागे किती मोठी रक्कम उभी असते

एक उदाहरण मांडू. मुलीच्या हातून अपघात झाला आणि समोरच्या दुचाकीवरचा तीस वर्षांचा तरुण गेला. कायम नोकरी, हातात महिना ४०,००० रुपये, घरी बायको आणि एक लहान मूल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत आखून दिलेल्या रीतीने होतो.

वर्षाचं उत्पन्न ४,८०,००० रुपये. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढला असता तो पगार धरायला ५० टक्के जास्त: ७,२०,००० रुपये. त्यातला एक तृतीयांश तो स्वतःवर खर्च करत असेल असं मानून वजा करायचा: उरले ४,८०,००० रुपये. आता ‘गुणक’, म्हणजे किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा. सव्वीस ते तीस वयासाठी तो १७ आहे. ४,८०,००० गुणिले १७ म्हणजे ८१,६०,००० रुपये. अंत्यविधी, साहचर्य वगैरेंची रक्कम यावर वेगळी.

१२०० सीसीच्या गाडीवर जीएसटीसह ४,०३१ रुपये भरलेले असतील, तर ही रक्कम कंपनी देते. माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. समोरची गाडी फार महागडी असली तर वरचे पैसे आपल्या खिशातून.

पॉलिसी संपून आठवडा झाला आणि ‘रविवारी करू रिन्यू’ म्हणून राहून गेलं, तर हेच ८१ लाख बापाच्या नावावर येतात. विमा नसल्याचा पहिला दंड दोन हजार रुपये असतो आणि लोक त्याच दंडाला भितात.

४. मागच्या पानावरची बारीक अक्षरं

पॉलिसीचा कागद काढा आणि ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ शोधा. बहुतेक पॉलिसींत तो चार-पाच ओळींचाच असतो. अर्थ असा: विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकतं, पण त्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि ते रद्द झालेलं नसावं. लर्निंग लायसन्सवालाही चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळला असेल तर.

हा तिसरा नियम साधा आहे. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. शेजारी पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती हवी आणि तिला गाडी आवरता येईल अशी ती बसलेली हवी. लाल चिकटपट्टीचा ‘एल’ मागे लावून शेजारी चौदा वर्षांच्या भावाला बसवून निघालेली गाडी या नियमात बसत नाही. लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिने असते आणि पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनी बसता येतं. हे मधले दिवस विम्याच्या दृष्टीने सर्वात नाजूक. आई शेजारी असताना झालेल्या अपघातात क्लेम चालतो. मुलगी एकटी दूध आणायला गेली असताना झालेल्या अपघातात कंपनी बोट ठेवते.

बोट ठेवलं की काय होतं? आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कंपनी नाकारू शकते. रस्त्यावरच्या जखमी माणसाचं मात्र त्यात नुकसान होऊ नये म्हणून न्यायालयं बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या स्वर्ण सिंग निकालापासून ही वाट रुळली आहे. म्हणजे ते ८१ लाख पीडिताच्या घरी पोचतात, पण वसुलीची नोटीस बापाच्या दारी येते.

५. आणि अठराच्या आत?

इथे मी ‘पण’ लावणार नाही. अठराच्या आत कारची चावी द्यायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं ओझं पालकावर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप ठेवला गेला आणि त्यानंतर हे कलम घरोघरी बोललं गेलं.

तरी एक गैरसमज टिकून आहे. ‘सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की स्कूटरचं!’ मिळतं, पण पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. कॉलेजच्या आवारात दिसणारी ॲक्टिव्हा सुमारे ११० सीसीची असते. सोळा वर्षांच्या मुलाचं ते लायसन्स त्या स्कूटरला लागू नाही, म्हणजे विम्याच्या दृष्टीने तो विनालायसन्स. ज्यांना न नोंदणी लागते न लायसन्स, अशा विजेच्या दुचाकी वेगळ्या: २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग. दुकानदार ‘लायसन्स लागत नाही’ म्हणाला तर हे दोन आकडे गाडीच्या कागदावर स्वतः बघा.

६. मागच्या सीटवरच्या मैत्रिणी

पक्कं लायसन्स आलं, पावसाळा आला, चौघी जणी लोणावळ्याला निघाल्या. मागे बसलेल्या मैत्रिणी ‘थर्ड पार्टी’ आहेत का?

सामान्य माणूस म्हणेल, आहेतच की; त्या काही मालक नाहीत. पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी वाहनात फुकट बसलेला माणूस तिच्यात येत नाही, असा न्यायालयांचा कल आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितलं. फुल इन्शुरन्स असेल तर चित्र बदलतं. कारमधले सहप्रवासी आणि दुचाकीवरचा मागचा माणूस त्यात येतात, असं विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना स्पष्ट कळवलं आहे.

बारा वर्षांची जुनी गाडी ‘शिकायला बरी’ म्हणून मुलीच्या हाती देतात आणि ‘हिला काय फुल इन्शुरन्स करायचा!’ म्हणून नुसती थर्ड पार्टी काढतात. गाडीच्या किमतीच्या दृष्टीने ते बरोबर वाटतं. पण त्या गाडीत दुसऱ्यांची मुलं बसणार आहेत. मी असतो तर या एका कारणासाठी जुन्या गाडीचाही फुल इन्शुरन्स केला असता. जुन्या गाडीची किंमत कमी, म्हणून त्याचा हप्ताही कमीच बसतो.

७. चालवणारीचं काय?

आता तो चौथा प्रश्न. पॉलिसीवर एक ओळ असते: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख रुपये. २०१८ पर्यंत ही रक्कम दुचाकीला एक लाख आणि कारला दोन लाख होती. मग ती वाढवली गेली. मृत्यू आला किंवा दोन्ही हात, पाय, डोळे गेले तर पूर्ण रक्कम. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मी. ओळ वाचून आई-बाप निश्चिंत होतात.

शब्द नीट वाचा: मालक-चालक. गाडीची नोंदणी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि लायसन्स ज्याच्याकडे, तो एकच माणूस. गाडी बाबांच्या नावावर असेल तर ते १५ लाख बाबांचे. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेली मुलगी त्या ओळीत नाही.

मग थर्ड पार्टीतून तिला मिळेल? चूक समोरच्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विम्यातून मिळेल. चूक तिचीच असेल, किंवा गाडी आपोआप घसरून झाडावर गेली असेल, तर नाही. मालकाची गाडी मागून चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे ती ‘थर्ड’ नाही आणि ‘मालक-चालक’ही नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची सोय झाली, मागच्या मैत्रिणींची झाली, बाबांची झाली. घरात सर्वात नवखी चालक तेवढी उघड्यावर राहिली. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी माझ्याच घरातले कागद काढून बसलो होतो.

यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत.

रोज कॉलेजला नेण्याची स्कूटर तिच्याच नावावर घ्या. मग त्या स्कूटरचा मालक-चालक विमा तिचा होतो. आईच्या नावावरची जुनी स्कूटर तिच्या नावावर करायची असेल, तर आरटीओत नाव बदला आणि चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडेही अर्ज द्या. एक लक्षात ठेवा: क्लेम न घेतल्याची सवलत आईची असते, गाडीची नसते, ती मुलीकडे जात नाही.

पण यात एक फट राहते. स्कूटरवरचा तो विमा तिच्या स्वतःच्या वाहनापुरता. बाबांची कार चालवताना तो कामाला येत नाही. म्हणून माझ्या मते सरळ मार्ग म्हणजे तिच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी. ती कुठल्याही गाडीत, लोकलमध्ये, जिन्यावरही लागू असते. ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची सगळ्या कंपन्यांत सारख्या अटींची पॉलिसी २०२१ पासून मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. १५ लाख किंवा अधिक रकमेची चोवीस तासांची अशी पॉलिसी असेल, तर स्कूटरवर वेगळा मालक-चालक विमा घ्यावा लागत नाही. तिचं बँक खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांची प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनाही सुरू करा. आणि यातलं काहीही हॉस्पिटलचं पूर्ण बिल भरेल असं नाही. घराच्या मेडिक्लेममध्ये तिचं नाव किती वयापर्यंत चालतं, हे याच बैठकीत बघून घ्या.

८. सोसायटीच्या खांबाला घासलेला बंपर

मोठ्या अपघातांचं बोलून झालं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी होतं ते हे: सोसायटीच्या गेटमधून वळताना डावीकडचा खांब. पुढचा बंपर फाटला. गॅरेजवाला म्हणतो, बंपर ८,००० आणि रंगकाम ४,०००. ‘इन्शुरन्स आहे ना? टाका की क्लेम.’

पाटीवर हिशेब मांडा. प्लॅस्टिकच्या भागावर कंपनी ५० टक्के घसारा कापते: ४,०००. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा साहित्याचा धरून त्यावरही निम्मा: ५००. शिवाय प्रत्येक क्लेमला पहिले १,००० रुपये आपलेच. कंपनीकडून आले १२,००० पैकी ६,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम न घेतलेल्या वर्षांची सवलत, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, पायऱ्यापायऱ्यांनी चढते: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. समजा तुम्ही ३५ वर आहात, पुढल्या रिन्यूअलला ४५ होणार आणि सवलतीआधीचा ओन डॅमेजचा हप्ता १४,००० रुपये आहे. क्लेम घेतला की सवलत शून्यावर. पुढल्या वर्षीच ६,३०० रुपये जास्त. त्यानंतर ५० ऐवजी २०, म्हणजे ४,२००. मग ३,५००, २,१०० आणि ७००. हप्ता तेवढाच धरला तर एकूण १६,८०० रुपये. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल, पण ६,५०० च्या वर नक्की जाईल. असा बंपर खिशातून करावा.

घरात नवा चालक असताना पहिली दोन वर्षं ‘झीरो डेप’ घ्यावं, असं मी म्हणेन. त्यात घसारा कापत नाहीत. बहुतेक कंपन्या ते पहिल्या काही वर्षांच्या गाडीलाच देतात आणि वर्षात किती क्लेम चालतील याला मर्यादा घालतात. एनसीबी टिकवणारं जोडकलमही मिळतं. गाडी कशी चालवली यावर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली. मुलगी सावकाश चालवत असेल तर रिन्यूअलच्या वेळी विचारून बघायला हरकत नाही.

मुंबई, ठाणे, वसईकडच्या वाचकांसाठी आणखी एक. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करू नये, हे मुलीला पहिल्या पावसाआधी शिकवा. हवा आत जाते त्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारला की आतला दांडा वाकतो. हे ‘अपघाताने’ झालेलं नुकसान नाही, चालकाने केलेलं आहे, म्हणून साधा फुल इन्शुरन्स ते देत नाही. त्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोडकलम लागतं. बंद पडली की चावी काढायची, उतरायचं, फोन करायचा.

९. ‘बाबा चालवत होते असं सांग’

अपघातानंतर घरात पहिली धडपड सुरू होते ती हे वाक्य शिकवण्याची. लेकरू घाबरलेलं असतं, बापाला वाटतं आपण नाव घेतलं तर क्लेम सुरळीत होईल. मी ओळखीच्या तीन घरांत हे ऐकलं आहे.

मुलीकडे पक्कं लायसन्स असेल आणि ती प्यायलेली नसेल, तर ती चालवत होती हे खरं सांगून क्लेमला काडीचाही धक्का लागत नाही. पॉलिसी चालकाला ओळखतच नाही, हे आपण पहिल्या भागात पाहिलं. उलट सर्व्हेअर येतो, गेटवरचा कॅमेरा तपासतो, सीट किती पुढे ओढली आहे ते बघतो, आणि पाच फुटांच्या मुलीच्या मापाने ठेवलेली सीट पावणेसहा फुटांच्या बाबांची कशी, असं विचारतो. तिथे खरा असलेला क्लेम खोट्या माहितीमुळे पडतो. कोणी जखमी असेल तर प्रकरण पोलिसांत जातं आणि खोटा जबाब हा वेगळा गुन्हा होतो.

डॅशबोर्डच्या खणात पॉलिसीच्या प्रतीमागे एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा, तुमच्या अक्षरात. जखमी माणसाला आधी दवाखान्यात ने. पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळव. समोरच्या गाडीचा आणि रस्त्याचा फोटो काढ. कंपनीचा नंबर हा. माझा नंबर तुला पाठ आहे. गाडी कोण चालवत होतं असं विचारलं तर सांग, मी.